फलटणचा रथ, औंधची चित्रे आणि जपानी 'रामायण'

१/
२४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत एक जुना अ‍ॅनिमेशनपट नव्या, स्वच्छ केलेल्या प्रतीत झळकला : 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा'. तो पूर्ण झाला होता १९९२ साली. चित्रपट तयार होत असताना ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे कितीतरी तरुण प्रेक्षक तो पाहायला तिकीट काढून गेले. असे का घडावे? 'बालपणीची आठवण' हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. आठवणीतल्या बहुतेक गोष्टी मोठेपणी पुन्हा पाहिल्या की लहान वाटू लागतात. हा चित्रपट तसा वाटत नाही. त्याचे कारण इतिहासात शोधावे लागते.

२/
या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे : हा चित्रपट टिकला, कारण तो करणाऱ्यांनी रामकथेतील एकही गोष्ट 'ती तर ठाऊकच आहे' म्हणून सोडून दिली नाही. धोतर कसे नेसतात, नमस्काराला हात कुठवर येतात, हे त्यांतील अनेकांना शिकून घ्यावे लागले. अतिपरिचयामुळे जी हयगय होते, ती त्यांच्याकडून झाली नाही. आणि रामकथा चित्रांतून अशा काळजीने सांगण्याची रीत महाराष्ट्रालाही परकी नव्हती. तिची एक जुनी वाट सातारा जिल्ह्यातून, फलटण आणि औंध या दोन संस्थानांच्या गावांतून जाते. म्हणून आरंभ फलटणपासून.

३/
फलटण हे नाईक निंबाळकरांच्या संस्थानाचे गाव. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातील. येथील राजवाड्यालगतचे श्रीराम मंदिर आणि त्याचा रथोत्सव या दोन्ही गोष्टी अठराव्या शतकातील राणी सगुणाबाई यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, रामाचा रथ गावातून निघतो आणि लोक तो दोरांनी ओढतात. एरवी भक्त देवाकडे जातो. त्या दिवशी देव रस्त्यावर येतो आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याचे दर्शन घडते.

४/
रथाच्या आधीच्या दिवसांत उत्सवमूर्ती शेष, गरुड, मारुती अशा वाहनांवरून मिरवते. मूर्ती तीच, वाहन मात्र बदलते. मारुतीच्या खांद्यावरचा राम पाहिला की लंकेच्या वाटेवरचा राम आठवतो, शेषावरचा पाहिला की विष्णुरूप आठवते. कथा कोणी सांगत नसते. बदलत्या दृश्यांच्या क्रमातून ती पाहणाऱ्याच्या मनात आपोआप जुळत जाते. चित्रपटाचा शोध लागण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एका लहान गावाने रामाला असे 'चालते' केले होते, ही गोष्ट अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात कोणी नोंदवणार नाही. रामकथेच्या दृश्य इतिहासात मात्र ती नोंदवली पाहिजे.

५/
फलटणची दुसरी ओळखही येथे महत्त्वाची आहे. हे महानुभाव पंथाचे तीर्थ आहे, जुन्या जैन मंदिरांचे गाव आहे आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्कामही येथे असतो. जैन परंपरेला स्वतःची रामकथा आहे. विमलसूरींचे 'पउमचरिय' हे त्या परंपरेतील फार जुने काव्य, आणि त्याची भाषा आहे जैन माहाराष्ट्री प्राकृत. त्या कथेत रावणाचा वध राम करत नाही, लक्ष्मण करतो; वानर हे माकड नसून ज्यांच्या ध्वजावर वानराचे चिन्ह आहे असे विद्याधर आहेत. एकाच गावात रामाचा रथही आहे आणि रामकथेचे वेगळे रूप मानणारी परंपराही. रामकथेची अनेक रूपे शेजारी शेजारी नांदू शकतात, हे फलटणला कोणी शिकवावे लागत नाही.

६/
आता चित्रांकडे वळू. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली आहे. कागदावर रंगवलेल्या चित्रांचा एक संच म्हणजे एक 'पोथी'. कलावंत एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, वाद्यांच्या साथीने तो प्रसंग गातो, मग पुढचे चित्र काढतो. रामायण-महाभारतातील आख्याने हा या पोथ्यांचा मोठा विषय. याच गावात चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची जुनी चित्रे पाहायला मिळतात.

७/
ही कला किती जुनी आहे? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. म्हणजे दख्खनला आठशेहून अधिक वर्षे ठाऊक असलेली गोष्ट अशी : चित्र, आवाज आणि क्रम ही तीन अंगे एकत्र आली की कथा जिवंत होते. अ‍ॅनिमेशनपटही याच तीन अंगांवर उभा असतो. फरक एवढाच की पिंगुळीचा कलावंत एका प्रसंगासाठी एक चित्र धरतो आणि चित्रपट एका सेकंदात चोवीस चौकटी पुढे सरकवतो. चित्रांमधली उरलेली हालचाल तेथे प्रेक्षक मनाने भरून काढतो. येथे चित्रकाराला ती हाताने भरावी लागते.

८/
सातारा परिसरात तर रामकथा भिंतींवर आणि शिळांवरही आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुती आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहेत. एकट्या चाफळमध्ये त्यांतील दोन आहेत : रामासमोर हात जोडून उभा असलेला दासमारुती आणि आवेशात असलेला वीरमारुती. एकाच पात्राचे दोन भाव, दोन देहबोली. आजच्या अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्याला पात्ररेखाटनात जे शिकवले जाते, त्याचा उत्तम धडा चाफळला दगडात उभा आहे.

९/
या परंपरेतील सर्वांत नवलाचा माणूस औंधचा. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे प्रसिद्ध पुरस्कर्ते होते. १९१६ साली त्यांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. संपूर्ण रामकथा रंगीत चित्रांच्या मालिकेतून सांगणारा हा ग्रंथ एका संस्थानिकाने स्वतःच्या कुंचल्याने सजवला होता. पुढे १९३८ साली त्यांनी औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे शिल्प एकाच छताखाली असलेले हे संग्रहालय फलटणहून एका दिवसात जाऊन-येऊन पाहण्याजोगे आहे.

१०/
बाळासाहेबांच्या कामातील खरी महत्त्वाची गोष्ट मात्र त्यांची शिस्त. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, त्याला औंधच्या राजांनी मोठे आर्थिक पाठबळ दिले आणि त्यासाठी चित्रेही काढली. त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ही चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचे नोंदवलेले आहे. हे दोन शब्द नीट वाचावेत : प्राचीन नमुन्यांवरून. म्हणजे अर्जुनाचा मुकुट कसा असावा हे चित्रकाराने मनाने ठरवायचे नाही. जुनी शिल्पे, जुनी भित्तिचित्रे पाहायची आणि मग रेघ ओढायची. श्रद्धा आणि अभ्यास यांत भांडण असते, अशी आज पुष्कळांची समजूत आहे. औंधच्या राजाला तसे वाटत नव्हते.

११/
पडद्यावरचा राम या मागोमाग आला. दादासाहेब फाळके यांचा 'लंकादहन' १९१७ चा. त्यात अण्णा साळुंखे या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. फाळके केवळ नटांना घेऊन चित्रपट करत नव्हते. आगकाड्या एकेका चौकटीनिशी हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपटही केला होता. भारतीय अ‍ॅनिमेशनच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुढे १९३४ साली प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' हा व्यंगपट केला. म्हणजे रामकथा आणि अ‍ॅनिमेशन या दोन्ही वाटा मराठी माणसांनी फार लवकर चोखाळल्या. त्या दोन वाटा एकत्र यायला मात्र पाऊणशे वर्षे लागली, आणि त्या एकत्र आणल्या एका जपानी गृहस्थाने.

१२/
त्या मधल्या काळात महाराष्ट्राने रामकथा डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक अनुभवली. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील माणदेशी मातीत वाढलेले ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांनी वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते दिली. रेडिओला चित्र नसते. ते प्रत्येक घराने आपापले काढले. म्हणूनच रामाचे चित्र दाखवणाऱ्या माणसाचे काम मराठी मुलखात अवघड होते. प्रत्येकाच्या मनात एक राम आधीच तयार होता.

१३/
आता मुंबई. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. तेथील तरुणांना शिकवायला डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. १९५७ चा 'द बनियन डिअर' हा जातककथेवरील लघुपट या शिक्षणाचे पहिले मोठे फळ. जी. के. गोखले यांच्यासारखे कलावंत या विभागात घडले. सरकारी खात्यातले हे काम. विषय बहुधा कुटुंबनियोजन, बचत, स्वच्छता असे. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या काही मिनिटांच्या फिल्मांत या मंडळींनी आपले कसब पणाला लावले. पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याची संधी त्यांना तेथे मिळाली नाही.

१४/
याच विभागात १९५६ साली राम मोहन रुजू झाले. जन्म १९३१ चा, शिक्षण रसायनशास्त्राचे. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम' मधील आणि सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' मधील अ‍ॅनिमेशनचे भाग त्यांचे. युनिसेफची 'मीना' ही मालिकाही त्यांच्याच हातची. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते गेले. जपानी 'रामायणा'चे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह तिसरे दिग्दर्शक म्हणजे हेच राम मोहन. या चित्रपटाला सरसकट 'जपानी' म्हणताना मुंबईतील ही छत्तीस वर्षांची तपश्चर्या विसरली जाते.

१५/
युगो साको १९८३ साली भारतात आले ते एका माहितीपटाच्या कामासाठी. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल अलाहाबादजवळ करत असलेल्या उत्खननावर तो माहितीपट होता. खणलेल्या मातीच्या थरांवरून साकोंची रामायणाशी ओळख झाली आणि मग ते कथेच्याच मागे लागले. जपानी भाषेत उपलब्ध असलेली रामायणाची दहा रूपे त्यांनी वाचून काढली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबावे. हा मनुष्य कथेकडे उत्खननातून आला आणि एका पाठावर न थांबता अनेक पाठ ताडून पाहू लागला. साधनांची तुलना करण्याची हीच पद्धत इतिहासाच्या वर्गातही पहिल्या दिवशी शिकवली जाते.

१६/
मग अडचणी सुरू झाल्या. माहितीपटाविषयी वर्तमानपत्रात आलेल्या एका बातमीवरून गैरसमज झाला आणि विश्व हिंदू परिषदेचे निषेधपत्र दिल्लीतील जपानी दूतावासात पोचले. रामायण हा राष्ट्रीय वारसा आहे, परदेशी माणसाने त्यावर मनमानी चित्रपट करू नये, असा त्याचा आशय होता. तो गैरसमज दूर झाला. साकोंनी अ‍ॅनिमेशनपटाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा भारत सरकारने आरंभी अनुकूलता दाखवली. पण पुढे संयुक्त निर्मितीस नकार दिला. विषय नाजूक आहे आणि रामायण कार्टूनमध्ये दाखवता येणार नाही, हे त्यामागचे कारण. अखेरीस चित्रपट जपानमध्ये तयार झाला, भारतीय कलावंतांच्या सहकार्याने.

१७/
या नकाराची थट्टा करणे सोपे आहे. समजून घेणे अधिक उपयोगाचे. मराठीत 'कार्टून' म्हणजे व्यंगचित्र, आणि त्या शब्दातच 'व्यंग' बसलेले आहे. शंकर आणि आर. के. लक्ष्मण यांच्या देशात कार्टून म्हणजे नेत्याचे फुगवलेले नाक. अशा भाषेत 'रामाचे कार्टून' हा शब्दप्रयोग कानाला खटकणारच. जपानमध्ये चित्रपटाचा हा प्रकार प्रौढ, गंभीर विषयांसाठीही वापरला जात होता. भारतात त्याचे दुसरे रूप लोकांनी फारसे पाहिलेलेच नव्हते. वाद वरवर रामाचा होता. मुळात तो एका शब्दाचा होता. चित्रकथीची परंपरा जर दिल्लीतील कचेऱ्यांच्या स्मरणात असती, तर 'चित्रांतून रामायण' ही कल्पना कोणाला अपमानास्पद वाटली नसती.

१८/
कामाचा आवाका आकड्यांत पाहावा. चित्रपट १३५ मिनिटांचा. एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकूण १,९४,४०० चौकटी. पारदर्शक पत्र्यावर काढलेले एक चित्र साधारण दोन चौकटींसाठी वापरायचे, असा या कलेतील प्रघात. त्या हिशेबाने जवळपास ९७,००० चित्रे होतात. या चित्रपटासाठी सुमारे एक लाख चित्रे हाताने रंगवली गेली आणि सुमारे ४५० कलावंत त्यावर राबले, असे जे सांगितले जाते ते या हिशेबाशी जुळते. पडद्यावर सीतेचा पदर एकदा हलतो, तेव्हा त्यामागे कोणीतरी तो पदर पुन्हा पुन्हा रंगवलेला असतो.

१९/
आणि तो पदर बरोबर हलावा यासाठी आधी तो कसा घेतात हे शिकावे लागले. वेशभूषा, वास्तू, बसण्या-उठण्याच्या रीती यांबाबत भारतीय मंडळी जपानी चित्रकारांना मार्गदर्शन करत होती. संगीत वनराज भाटिया यांचे; श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' पाहिलेल्यांना हे नाव परिचित असेल. गीते वसंत देव यांची : 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेणारे आणि 'सारांश'च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे. मूळ आवृत्तीचे संवाद इंग्रजीत आणि गाणी संस्कृतात आहेत. जपानी दिग्दर्शक, केरळी वळणाचे मुंबईकर सहदिग्दर्शक, मराठी गीतकार. राम कोणा एकाचा आहे या म्हणण्याला हे श्रेयनामावलीतले उत्तर आहे.

२०/
चित्रपट पुन्हा पाहताना तीन गोष्टी विशेष न्याहाळाव्यात. पहिली, कुंभकर्णाला जागे करण्याचा प्रसंग : तेथे आकाराची भव्यता केवळ मोठे चित्र काढून आलेली नाही, भोवतीची माणसे किती लहान दाखवली आहेत यातून ती आली आहे. दुसरी, पार्श्वभूमी : मिथिला, अरण्य आणि लंका यांचे रंग वेगळे आहेत, आणि कथा कुठे आहे हे संवादाआधी रंग सांगतो. तिसरी, शांतता : पात्रे बोलत नाहीत असे क्षण या चित्रपटात पुष्कळ आहेत. सततच्या विनोदाची आणि ओरडण्याची मुलांना गरज असते, असे या चित्रपटाच्या कर्त्यांना वाटले नाही. त्यांनी लहान प्रेक्षकाला मान दिला, आणि म्हणून तोच प्रेक्षक मोठेपणी परतून आला.

२१/
त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातला युद्धाचा सूर. निर्णायक लढाईपूर्वी राम होऊ घातलेल्या जीवितहानीने व्यथित होतो. एका कारणासाठी इतक्यांनी मरावे का, हा प्रश्न त्याला छळतो. हा राम दुबळा नाही. तो धनुष्य उचलतो आणि लढतो. फक्त त्याला त्याचा आनंद होत नाही. युगो साको यांचा जन्म १९२८ चा. १९४५ साली जपानचे युद्ध संपले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. बेचिराख शहरे पाहिलेल्या पिढीतील दिग्दर्शकाच्या हातून रामायणातला हा विषाद इतका ठळक व्हावा, हा योगायोग मानणे कठीण आहे.

२२/
हा राम भारतात कधी आला तेही पाहावे. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई दंगलींनी होरपळली. त्याच जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. रामाच्या नावावर देश दुभंगलेला असताना युद्धाने व्यथित होणारा राम पडद्यावर आला आणि मोठ्या प्रदर्शनाविना बाजूला पडला. कलाकृतीचे यश तिच्या गुणांवरच ठरते, असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

२३/
त्याला वाचवले ते दूरचित्रवाणीने. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे. १९८७-८८ ची रामानंद सागर यांची मालिका पाहिलेल्या आईवडिलांना गोविल यांचा आवाज ओळखीचा होता. मुलांना चित्रे नवी होती. कार्टून नेटवर्कवरून तो पुन्हा पुन्हा दाखवला गेला. ज्या तालुक्याच्या गावांत महोत्सव कधी पोचत नाहीत तेथे केबलची तार पोचली होती. ज्या शब्दाने हा चित्रपट अडवला होता, त्याच 'कार्टून' नावाच्या वाहिनीने तो घरोघरी नेला. दोन पिढ्या एका खोलीत बसून पाहू शकतील असे फार थोडे त्या काळी पडद्यावर होते. त्याच्या टिकण्यात या एकत्र पाहण्याचा वाटा मोठा आहे.

२४/
नंतर काय झाले? व्ही. जी. सामंत यांच्या 'हनुमान' (२००५) या चित्रपटाने भारतीय अ‍ॅनिमेशनपट चित्रपटगृहात चालू शकतो हे दाखवून दिले. पण त्यानंतर बाजाराने जो धडा घेतला तो सोपा होता : देवाला बालरूप द्या, डोळे मोठे काढा, विनोद पेरा. देवकथा म्हणजे मुलांना गुंतवून ठेवण्याचे साधन, अशी एक समजूत रुजली. १९९२ च्या चित्रपटातून घेण्याजोगा धडा याच्या उलट होता. तेथे कथेला मुलांच्या उंचीवर वाकवलेले नव्हते. मुलांना कथेच्या उंचीवर येण्यासाठी वेळ दिला होता.

२५/
कौतुक करताना उणिवा झाकू नयेत. चित्रपट अयोध्येला परतण्याच्या आनंदावर संपतो. सीतेच्या दुसऱ्या वनवासाला त्यात जागा नाही. महाराष्ट्रातील बायकांनी मात्र तो वनवास कधी विसरू दिला नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत सीता वारंवार येते, आणि ती राणी म्हणून कमी, घराबाहेर काढलेली बाई म्हणून अधिक येते. चित्रकारांनी धोतराच्या निऱ्या तपासल्या. सीतेचे मन तितक्या बारकाईने तपासले नाही. साकोंनी वाचलेल्या दहा रामायणांत जात्यावरचे रामायण नव्हते, असेच म्हणावे लागते.

२६/
२०२५ च्या स्वागतात आणखी एक गोष्ट निसटली. आज हा चित्रपट 'आपला ठेवा' म्हणून गौरवला जातो. गौरव योग्यच आहे. पण एके काळी याच चित्रपटाला परका आणि पोरकट म्हणून दार लावले होते, हे त्या गौरवात सांगितले जात नाही. वारसा म्हणजे केवळ शेवटी स्वीकारलेली वस्तू नव्हे. ती नाकारली गेल्याचा इतिहासही त्यातच मोडतो. तो पुसला, तर उद्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या कामाला त्याच कारणांनी नकार मिळेल आणि आपण तीच चूक करतो आहोत, हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

२७/
आज रामाचे चित्र यंत्राकडून काही सेकंदांत काढून मिळते. ते चकचकीत असते. मुकुट भलत्या शतकातला आणि धनुष्य भलत्या देशातले असले तरी कोणी विचारत नाही. अशा वेळी औंधच्या राजाचे 'प्राचीन नमुन्यांवरून' हे शब्द आणि टोकियोतल्या चित्रकारांनी शिकून घेतलेले धोतर या एकाच परंपरेतल्या गोष्टी ठरतात. प्रश्न यंत्र की हात, हा नाही. काढण्याआधी कोणी पाहिले का, हा आहे. पूज्य गोष्टीबद्दलचा आदर घोषणेत दिसत नाही; तो रेघ ओढण्यापूर्वी घालवलेल्या वेळात दिसतो.

२८/
म्हणून या चित्रपटाच्या चाहत्यांनी तो पुन्हा पाहावाच. पण त्याचबरोबर आपल्या तालुक्यातील रंगवलेली रामकथाही पाहावी. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यासारख्या वाड्यांतली भित्तिचित्रे, देवळांच्या सभामंडपांतील रंगकाम, घरातल्या जुन्या पोथ्यांमधील चित्रे यांची कोणतीही स्वच्छ प्रत निघणार नाही. चुन्याचा एक हात फिरला की ती संपतात. साधा मोबाईल पुरेसा आहे : चित्राचे छायाचित्र, जागेचे नाव, तारीख आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती. ज्यांच्या गावात असे एखादे चित्र आहे त्यांनी या धाग्याखाली त्याची नोंद करावी.

(धागा समाप्त)